टिटवीचा पट्टा

बरीच वर्षं आमच्या घरात अर्धं विमान राहत होतं. उरलेलं अर्धं नदीपलीकडे, माझ्या भावाकडे. धड आणि काचेची टोपी आमच्या कपाटावर, हिवाळ्याच्या दुलयांच्या वर. पंख, शेपूट आणि चाकं क्विदोच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, शेगडीच्या शेजारी. माणसं घटस्फोट घेतात तेव्हाही मुलं अशी मधोमध कापून वाटून घेत नाहीत. पण माझा नवरा ओताकार आणि माझा भाऊ क्विदो यांना माणसांचे नियम लागू नाहीत. ते मॉडेलवाले आहेत.

विमान म्हणजे वीतभर. खरं विमान आमच्याच गावच्या कारखान्यात तयार झालं होतं, मी शाळेत असताना. जेट. नाव चेयका, म्हणजे टिटवी. एकच बनलं, मोजक्या वेळा उडालं, मग प्रागमधल्या कुणा साहेबाच्या मनातून उतरलं आणि भंगारात गेलं. मागे राहिला एक फोटो. तोही काळा-पांढरा, आणि त्यातही विमानाच्या पुढ्यात कुणीतरी सायकल धरून ऐटीत उभा आहे. एवढ्या भांडवलावर आमच्या गावातल्या डझनभर शहाण्या पुरुषांनी आपलं म्हातारपण काढायचं ठरवलं.

त्याला कारण ब्रनोचा एक दातांचा डॉक्टर. कवळ्या करता करता त्याने फावल्या वेळात टिटवीचं मॉडेल केलं, रेझिनचं. दुकानात मिळतात ते प्लास्टिकचे डबे वेगळे. ते कारखान्यातून ढिगाने निघतात आणि शाळकरी पोरंही जोडतात. रेझिन म्हणजे रबराच्या साच्यात हाताने ओतलेलं, ठिसूळ, बुडबुड्यांनी भरलेलं, एका पंखाची दुसऱ्या पंखाशी ओळख नसलेलं. जितकं वाईट तितकं थोर. थोडे नग निघाल्यावर साचा फाटला, पुढे डॉक्टरही गेला, आणि टिटवी दुर्मिळ झाली. ओता आणि क्विदोला ती ओलोमोउत्सच्या जुन्या मॉडेलांच्या बाजारात दिसली आणि दोघांनी एकाच वेळी डब्यावर हात ठेवला. तेव्हा ते जिवाभावाचे होते. एकमेकांना 'मेव्हण्या' अशी हाक मारायचे, आणि ओताने लग्न नक्की कुणाशी केलंय अशी मला अधूनमधून शंका यायची. दोघांनी मिळून डबा घेतला आणि बाळ आणावं तसा बसमधून मांडीवर घेऊन आले.

डब्यात जोडणीचा एक कागद होता, इतका पुसट की डॉक्टरने तो रुग्णाच्या तोंडात धरून छापला असावा. त्यात खाली लिहिलं होतं: पट्ट्याचा रंग – पोद्क्लादी पाहा.

आता हा शब्द समजून घ्यायला हवा, कारण आमच्या घराचं वाटोळं त्यानेच केलं. पोद्क्लादी म्हणजे आधार. फोटो, आराखडे, कुणा वैमानिकाची आठवण, असं काहीतरी ज्याच्या जोरावर मॉडेलवाला छाती ठोकून म्हणू शकतो की हे असंच होतं. आधाराशिवाय रंग लावणं हे या लोकांत महापाप. शिवाय 'आधार नाहीत' हे काहीच न करण्याचं फार सभ्य कारण आहे. त्यांचा क्लब दर गुरुवारी 'पिवळा बोकड' नावाच्या पबच्या मागच्या खोलीत भरतो. तिथले अध्यक्ष इंजिनियर शेबेस्ता यांनी आधार नाहीत म्हणून उभ्या हयातीत जेमतेम एखादंच विमान पुरं केलं असेल, आणि म्हणून तर ते अध्यक्ष आहेत.

त्या फोटोत टिटवीच्या अंगावर नाकापासून शेपटीपर्यंत एक पट्टा दिसतो. काळ्या-पांढऱ्या फोटोत लाल काय आणि निळा काय, सगळा राखाडीच. ओता म्हणाला पट्टा लाल, कारण त्या काळात कम्युनिस्ट सरकारने ज्याला हात लावला ते सगळं लालच होतं. क्विदो म्हणाला निळा, कारण लहानपणी कुंपणाच्या फटीतून त्याने तो पाहिला होता. ओता म्हणाला, लहानपणी तू तळघरात भूतही पाहिलं होतंस. हे सगळं माझ्या पन्नाशीच्या जेवणाला चाललेलं, भाजलेलं बदक आणि कोबी टेबलावर गार होत असताना. आधी आवाज चढले, मग आलुबुखारची दारू चढली, आणि मग क्विदोने डबा उघडून पंख आणि शेपूट खिशात घातलं. म्हणाला, आता लाव तुझा लाल, पंखांशिवाय. ओताने धड छातीशी धरलं. मी माझ्या मेणबत्त्या स्वतःच फुंकल्या आणि केक शेजाऱ्यांना देऊन टाकला.

त्या दिवसापासून 'मेव्हण्या' बंद झालं. राहिलं 'तुझा भाऊ' आणि 'तुझा नवरा'. ख्रिसमसचा कार्प मासा मी दोनदा तळू लागले, संध्याकाळी ओतासाठी आणि दुसऱ्या दिवशी डब्यात घालून क्विदोसाठी. क्लबात दोघं खोलीच्या दोन टोकांना बसत आणि एकमेकांचं मत शेबेस्तांच्या मार्फत खोडत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभही धडधाकट होता आणि पीळही.

मी बुधवारी क्विदोकडे सूप घेऊन जाते. त्याची बायको कधीच सोडून गेली. एका बॉम्बफेकी विमानाच्या अंगावर सुईने रेघा कोरत होता तेव्हा ती गेली, आणि हे त्याच्या लक्षात आलं शनिवारी, धुतलेले मोजे मिळेनात तेव्हा. गेल्या शरद ऋतूत अशाच एका बुधवारी त्याने माझ्यासाठी कॉफी ओतली, ती कपाच्या शेजारी. अगदी शांतपणे, बशी भरून टेबलावर ओघळ जाईपर्यंत. मी ओरडले की ध्यान कुठे आहे तुझं. त्याने किटली खाली ठेवली, जवळच्या फडक्याऐवजी माझा रुमाल उचलला, आणि टेबल पुसता पुसता सांगितलं.

डोळ्यांच्या मधलं जात होतं. कडेचं राहणार होतं, पण रंग उडालेलं, राखाडी; मधलं जाणार होतं. ओलोमोउत्सचे डॉक्टर डोळ्यात सुया टोचत होते, पण त्याने जाणं फक्त लांबतं, टळत नाही. तुझ्याकडे बघितलं तर तोंड दिसत नाही, कानातली दिसतात, असं तो म्हणाला, आणि हा तसा फायदाच म्हणायचा असंही म्हणाला. मी हसले नाही. मला इतका राग आला होता की काय करावं कळेना, म्हणून मी उठून त्याचं सिंक घासलं. घरभर काचेच्या कपाटांत त्याची विमानं उभी होती, प्रत्येकाच्या चाकाच्या खोबणीत कुणाच्या बापालाही दिसणार नाहीत अशा तारा त्याने बसवलेल्या. आता त्या त्यालाही दिसणार नव्हत्या.

मग तो म्हणाला, "मला टिटवी उभी बघायचीय, लीबे. मधलं सगळं जायच्या आत."

मी म्हटलं, मग ओताला तसं सांग ना. दोन वाक्यांचं काम आहे. तर म्हणे नाही. डोळ्यांचं त्याला अजिबात कळू द्यायचं नाही, नाहीतर तो दया दाखवेल. फळीवरून त्याने पंखांचं पुडकं काढलं, चाचपत, आधी मिठाचा डबा पाडून. पंख तुझ्या नवऱ्याला दे, क्विदो त्यांना कंटाळलाय म्हणून सांग, असं तो म्हणाला. आणि वर हेही की त्याला हवा तर लाल लावू दे. चूकच आहे, पण लावू दे. माझ्या भावाच्या तोंडून हे वाक्य निघालं तेव्हा मला डॉक्टरांपेक्षा जास्त भीती वाटली. मी पंख कोलाच नावाच्या गोड पावांच्या रिकाम्या खोक्यात ठेवले आणि कुणालाही काही सांगणार नाही असं वचन दिलं.

ते वचन नदीवरच्या पुलापर्यंत टिकलं. पुलाच्या पुढे आमचं घर लागतं.

जेवताना मी ओताला सगळं सांगितलं, डोळ्यांपासून लाल रंगापर्यंत. तो चघळत राहिला. मग डंपलिंगमध्ये मीठ कमी आहे म्हणाला. मग ताट तसंच ठेवून उठला आणि बेडरूममध्ये स्टूल ओढल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा हातात धड होतं, धूळ पुसलेलं, आणि नाक लाल झालेलं. कपाटावर फार धूळ साठलीय, असं मला सुनावलं. मी म्हटलं, साठणारच.

पुढचे कित्येक आठवडे मी एका कारखान्यात राहिले. रेझिनच्या प्रत्येक तुकड्याला साच्यातला एक ठोकळा चिकटून येतो, तो करवतीने कापावा लागतो. त्याची भुकटी छातीत गेली तर वाईट, म्हणून सगळं घासकाम पाण्याखाली, म्हणजे माझ्या सिंकमध्ये. आधी साच्याचं तेल निघावं म्हणून धड भांड्यांच्या साबणाने धुतलं. आमच्या लग्नाच्या आयुष्यात ओताने सिंकपाशी उभं राहून काही धुतल्याची ही पहिलीच नोंद. क्विदोच्या शेगडीशेजारी राहून डावा पंख केळ्यासारखा वाकला होता. तो सरळ करायला गरम पाण्यात बुडवायचा आणि हाताने दाबून धरायचा असतो. त्यासाठी माझं डंपलिंगचं पातेलं गेलं ते गेलंच. पंख सरळ होईना. ओता दर वेळी बाहेर काढून डोळ्यांसमोर धरायचा आणि माझ्या भावाला अशा काही शिव्या घालायचा की माझ्या माहेरचे तीन पिढ्यांचे लोक त्यात येऊन गेले. आणि दर वेळी पाणी पुन्हा तापवायचा.

मी त्याला म्हटलं, इतकं काय, थोडा वाकडा राहिला तर क्विदोला कुठे दिसणार आहे. तो माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मीच क्विदोचे डोळे काढलेत.

"त्याला बोटं आहेत ना," तो म्हणाला.

सगळ्यांत वाईट दिवस टोपीचा. वैमानिकाच्या डोक्यावरची ती काच म्हणजे एका पातळ पारदर्शक कागदाला आलेला फुगवटा. तो कडेने कापून काढायचा असतो. डब्यात एकच. चुकलं तर संपलं. डॉक्टर स्वर्गात, साचा नरकात. ओताने माझी नखं कापायची कात्री घेतली, कारण या घरातली एकमेव धारदार वस्तू तीच, आणि मला फ्रिजपाशी उभं केलं. श्वास घेऊ नकोस म्हणाला. मी म्हटलं, फ्रिजलाही सांगू का? त्याने फ्रिजचा प्लग खरंच काढला. मग कात्री लावली आणि त्याचा हात थांबला. त्याने कात्री खाली ठेवली, दोन्ही हात काखेत घालून बसून राहिला, आणि म्हणाला की क्विदो असता तर हे त्याने केलं असतं, टोप्या नेहमी क्विदोच कापायचा. थोड्या वेळाने त्याने स्वतःच कापली. कापून झाल्यावर मी फ्रिजचा प्लग लावला आणि दोघांसाठी बिअर उघडली.

विमान जोडून झालं आणि टेबलावर ठेवलं तर ते शेपटीवर बसलं, नाक वर करून, शेबेस्तांसारखं. मागचा भाग भरीव, पुढचा ओताने कोरून पोकळ केलेला. नाकात वजन भरायला हवं होतं आणि दोघांच्या भांडणाच्या नादात, म्हणजे एकट्याच्याच, तो ते विसरला होता. पुन्हा नाक उघडलं, मासेमारीचं शिसं कोंबलं, पुन्हा लांबी भरली, पुन्हा घासलं. माझ्या पंचवीस वर्षं जुन्या वॉशिंग मशीनकडे बघायला मात्र त्याला आधार मिळत नव्हते.

मग चंदेरी रंग झाला आणि पट्टा राहिला. ओता रंगाच्या दुकानात गेला आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक बाटली घेऊन आला. निळी. मी बाटलीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं.

"हे चूक आहे," तो म्हणाला. "मला माहीत आहे हे चूक आहे. आयुष्यात पहिल्यांदा समजून उमजून चुकीचं लावतोय. काही बोलू नकोस."

कागदाच्या पट्ट्या चिकटवून तो त्यांच्यामधून फवारा मारत होता आणि मी दाराशी उभी होते. या माणसाशी लग्न केल्याबद्दल मी आयुष्यात बऱ्याचदा स्वतःला बोल लावला आहे. त्या दुपारी नाही. त्या दुपारी मला तो इतका आवडला की मी त्याच्या टकलाचा मुका घेतला, आणि फवारा हलला म्हणून शिव्या खाल्ल्या.

रविवारी आम्ही क्विदोकडे गेलो. वचन मोडल्याचं मी त्याला आधीच्या बुधवारी सूपाबरोबर सांगून टाकलं होतं. ओता त्या घराची पायरी इतक्या वर्षांनी चढत होता, तरी दारात म्हणाला काय तर, तुमची घंटा बिघडलीय. क्विदो म्हणाला, ती तू आलास की बिघडते. मग ओताने टिटवी टेबलावर ठेवली.

क्विदोने आधी हात धुतले. मग विमान उचललं, तळहातावर घेतलं आणि बोट फिरवत गेला, नाकावरून, टोपीवरून, पंखाच्या सांध्यावरून. सांध्यापाशी नखाने दोनदा शोधलं, काही सापडलं नाही, पुढे गेला. मग बघायला लागला. मधलं गेलेल्या माणसाला एखादी वस्तू बघायची तर तिच्याकडे बघून चालत नाही, शेजारी कुठेतरी बघावं लागतं. त्याने मान वळवली. तिथे माझा नवरा उभा होता. विमान दिसावं म्हणून माझा भाऊ बराच वेळ माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि नवरा अवघडून एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

"कुठला लावलास?" क्विदोने विचारलं.

"निळा."

क्विदोने विमान हळूच टेबलावर ठेवलं.

"खोटं," तो म्हणाला. "तू मेलास तरी निळा लावायचा नाहीस. लाल लावलायस, आणि आंधळ्याला निळा म्हणून विकतोयस."

मी मध्ये पडले. म्हटलं, अरे निळाच आहे, माझ्या डोळ्यांदेखत लावलाय, माझ्या नव्या टेबलक्लॉथवर अजून डाग आहे. तर म्हणे, तू त्याची बायको, तुझ्या साक्षीला काय किंमत. मला वाटलं दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत. ओताचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आठवडेच्या आठवडे जिवाच्या आकांताने केलेली एकुलती एक चांगली गोष्ट, आणि ती कुणी घेईना. बाटली खिशात होती, ती काढून नाकासमोर धरली असती तरी उपयोग नव्हता. तीही राखाडीच दिसली असती. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा टिटवीकडे.

"बरं," ओता म्हणाला. "लाल आहे."

क्विदोचा चेहरा असा उजळला की मला तो शाळेतला क्विदो दिसला. मला माहीतच होतं, म्हणाला. आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. गाढव, अडाणी, पक्षाच्या पोस्टरवर वाढलेलं पोर, आधार कुठे आहेत, दाखव आधार. ओता आधी बिचकत बिचकत आणि मग रंगात येऊन लालची बाजू लढवायला लागला. कुंपणाची फट निघाली, तळघरातलं भूत निघालं. कपाटातून आलुबुखारची बाटली निघाली. तिसऱ्या पेल्याला क्विदो 'मेव्हण्या' म्हणाला, आणि ओताने ऐकूच न आल्यासारखं करून चष्मा पुसला.

आम्ही निघताना क्विदोने जाहीर केलं की गुरुवारी हे क्लबात न्यायचंच. तुझा गाढवपणा सगळ्या गावाला दिसू दे.

आता झाली ना पंचाईत. क्लबात बाकीच्यांना डोळे होते. आणि कसले डोळे! ही ती माणसं की ज्यांनी एका गरीब बिचाऱ्या पाहुण्याला, त्याच्या विमानाच्या पोटाखालचा एक खिळा कणभर मागे होता म्हणून, रडवून घरी पाठवलं होतं. खरं सांगण्यासाठी त्यांनी स्वतःची लग्नं मोडली असती, काहींनी मोडलीही होती. ओता रात्रभर कूस बदलत होता. सकाळी म्हणाला, पुन्हा रंगवतो, लाल. मी म्हटलं, खबरदार. गुरुवारी तो लवकर निघाला, टिटवी घेऊन. मी क्विदोला हाताला धरून मागाहून नेणार होते.

ओताने तिथे त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. तो मोठी भाषणं करणाऱ्यांतला नाही, फार तर क्विदोच्या डोळ्यांचं सांगितलं असेल. आम्ही आत शिरलो तेव्हा सगळे टेबलाभोवती उभे होते आणि मधोमध टिटवी, पिवळ्या दिव्याखाली, निळ्याशार पट्ट्याची. क्विदो म्हणाला, बघितलात हा लाल? कुणी खोकलं. कुणी बिअरच्या पेल्यात तोंड घातलं. मग एकाने हळूच म्हटलं की हो, लाल आहे. दुसरा म्हणाला, जरा गडदच लाल झालाय. तिसऱ्याने तर असा लाल अग्निशमन दलाच्या गाड्यांना असतो म्हणून सांगितलं. राहिले शेबेस्ता. हा माणूस तर आपल्या आईच्या थडग्यावरचं शुद्धलेखन दुरुस्त करून आलेला. शेबेस्तांनी चष्मा कपाळावर चढवला, नाक टिटवीला टेकेल इतके वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"लाल," ते म्हणाले. "पण याला आधार काय?"

सगळी खोली एकदम बोलायला लागली. ओता उभा राहून लालसाठी भांडत होता, क्विदो बसून निळ्यासाठी, आणि अर्धा क्लब इकडे, अर्धा तिकडे, आणि सगळ्यांच्या मध्ये ते बिचारं विमान, ज्याचा रंग खोलीत एका माणसाशिवाय सगळ्यांना दिसत होता. मी कोपऱ्यात बसून मुरवलेलं सॉसेज खाल्लं आणि थोडी रडले. कांदा फार होता त्यात, असं मी वेटरला सांगितलं.

ओता मागे राहिला, मी क्विदोला घरी सोडायला निघाले. पुलावर वारा होता. त्याने माझा दंड घट्ट धरला होता आणि तोंडाने अजून ओताची उणीदुणी चालू होती. पुलाच्या मध्यावर तो गप्प झाला.

"निळा नीट बसलाय ना गं?" त्याने विचारलं. "कडेला फुटला नाही ना कुठे?"

मी थांबले. म्हटलं, तुला माहीत होतं?

"तो खोटं बोलायला लागला की आधी 'बरं' म्हणतो. तुझं लग्न झालंय त्याच्याशी, तुला माहीत नाही?"

मी त्याला पुलावरून ढकलायचंच बाकी ठेवलं. म्हटलं, मग बिचाऱ्याला त्या दिवशी मान्य का नाही केलंस? आठवडेच्या आठवडे राबला तो. निळा लावताना त्याचा जीव जात होता, तुझ्यासाठी लावला त्याने. क्विदो वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला.

"म्हणूनच," तो म्हणाला. "निळा मान्य केला असता तर भांडण मिटलं. मग तो रविवारी बिस्किटं घेऊन आला असता, माझी चौकशी करायला. आंधळ्याकडे येतात तसा. आता मला फसवल्याचं ओझं घेऊन दर गुरुवारी येईल आणि लालसाठी भांडेल. मला मेव्हणा हवाय, लीबे. चौकशीवाला नको."

त्याने माझा दंड पुन्हा पकडला आणि आम्ही चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला की त्याला राखाडीच दिसला, खूप प्रयत्न केला तरी. आता नीट सांग, कसा आहे तो निळा.

रंगांबद्दल मला आयुष्यात कधी काही कळलं नाही आणि कळून घ्यायची इच्छाही झाली नाही. पण मी सांगितलं. नाकापाशी बारीक सुरू होतो, टोपीखाली रुंदावतो, कडा सरळ आहेत, पंखाच्या वर जरासा चमकतो, आणि शेपटीपाशी पुन्हा निमुळता होतो. त्याने मध्ये मध्ये दोनदा मागे नेऊन पुन्हा विचारलं. त्याचं दार येईपर्यंत मी सांगत होते.